छपराचं डांबर

ती गाडी आजही आठवते, आणि आठवली की मला एका जागी बसवत नाही. पोलीस खात्यातल्या आठवणी सांगा म्हटलं की लोकांना दरोडे आणि खून हवे असतात. ते मी पुष्कळदा सांगितले. ही गोष्ट ओठांवर आली की मात्र उठायचो, अंगणात फेऱ्या मारायचो आणि परत येऊन दुसरंच काही सांगायचो. आज सांगून टाकतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

नव्वदच्या दशकातले दिवस. मी पेणला फौजदार होतो. खाडीकडच्या एका गावाचा बांध फुटला होता आणि दर उधाणाला खारं पाणी भाताच्या शेतात शिरत होतं. बांध आपोआप फुटला असेल तर प्रश्न मिटला, निसर्गाला कोण पकडणार? पण कुणी फोडला हे ठरलं असतं, तर फोडणाऱ्याच्या मानेवर बसून तो पावसाआधी बांधून घेता आला असता. मिठागरावर कामाला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेने बांध खणणारी माणसं पाहिली होती. ती माणसं एका कंत्राटदाराची होती, आणि त्या कंत्राटदाराला भरावासाठी ती शेतजमीन स्वस्तात हवी आहे असं गाव म्हणत होतं. तहसील कचेरीत चौकशीची तारीख लागली. म्हातारी त्या तारखेला आलीच नाही. साक्षीदार हजर नाही, असा शेरा पडून चौकशी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात आली. चौकशीच्या दिवशी सकाळी दोन अनोळखी माणसं तिच्या घरी आली होती. चौकशी आता रोह्याला आहे, साहेबांनी गाडी पाठवली आहे, असं सांगून त्यांनी तिला बसवलं. काचा काळ्या, बाहेरचं काही दिसेना. खांब गावाला एका चहाच्या टपरीवर तिला उतरवलं आणि साहेब इथेच येतील म्हणून सांगून गाडी गेली. दिवस मावळला तेव्हा फसवणूक तिच्या लक्षात आली, मग ती एसटीने परतली. जबरदस्ती झाली नव्हती, पण फसवून नेलं तरी कायद्याने ते अपहरणच.

मी गाडीचा रंग विचारला. पांढरी, म्हणाली, साहेबांच्या गाड्या पांढऱ्याच असतात ना. नंबर तिला वाचता येत नव्हता. माणसं पुन्हा दिसली तर ओळखेन, म्हणाली. मग न विचारताच तिने सांगितलं, "गारी चालली व्हती, पन आवाज नाय. मना वाटला, मी बहिरी झाली. आन् आत डांबराचा वास, डोका उठला माजा."

आमच्या हवालदाराला हसू आवरेना. "म्हातारे, गाडी होती का पालखी?"

"पालखीत मानसा दमतात, हवालदारा. हितं कोन दमला नाय."

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. आजी, तुमचा डोळा लागला असेल, असं म्हणालो, स्टेशन डायरीत चार ओळींची नोंद घ्यायला लावली आणि तिला घरी पाठवलं.

गाडी कोणाची हे मला तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. मी त्या गाडीत बसलो होतो.

काही आठवड्यांपूर्वी रोह्याला बंदोबस्त होता आणि ठाण्याची जीप बंद पडली होती. तो कंत्राटदार, त्याला सगळे शेठ म्हणत, रामवाडीजवळ भेटला आणि आग्रहाने गाडीत घेऊन गेला. आमच्या जीपमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर घसा फोडावा लागायचा. या डिझेल गाडीत कुजबुज ऐकू येत होती. शेठ दारावर टिचकी मारून दाखवायचा, बघा, पत्रा वाजतच नाही. डांबराच्या वासाने मला मळमळत होतं, तरी मी वाहवा केली. त्या शांततेतच तो म्हणाला, "खाडीकडचे लोक बांधासाठी बोंबलत तुमच्याकडे येतील. जरा सांभाळून घ्या." मी म्हणालो, "बघू."

एवढंच. पैसे घेतले नाहीत, शब्द दिला नाही. पण पोलिसाने 'बघू' म्हटलं की समोरचा काय समजायचं ते समजतो, आणि तो समजतो हे पोलिसालाही ठाऊक असतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. टेबलाशी बसलो की उठावंसं वाटे, गस्तीला निघालो की परतावंसं वाटे. आपणच त्या गाडीतून फुकट प्रवास केला, हे कागदावर कसं आणायचं? मग मनाची एक सोय केली. कुणीतरी येऊन गाडीची खबर दिली तर मी लगेच कामाला लागेन, असं ठरवलं. मला खबर नको होती, खबर देणारा हवा होता. दरम्यान अमावास्येचं उधाण येऊन गेलं आणि बांधाचं भगदाड रुंदावलं.

खबर शेवटी त्या हसणाऱ्या हवालदारानेच आणली. पावसाआधी घराच्या स्लॅबवर डांबरी फेल्ट, म्हणजे डांबरात भिजवलेला जाड थर, टाकून घ्यायला त्याने एक कारागीर बोलावला होता. हा कारागीर इतर वेळी गाड्यांची कुशनं शिवायचा. काम करता करता त्याने बढाई मारली की आपण एका गाडीला मुकी केली आहे. हवालदाराला म्हातारी आठवली. तो कारागिराला तसाच, डांबराच्या हातांनी, ठाण्यात घेऊन आला.

चौकशीत काही माणसांना बोलतं करावं लागतं, काहींना थांबवावं लागतं. हा दुसऱ्या जातीचा. शेठला मुंबईतल्या बड्या गाड्यांसारखी शांतता हवी होती, पण मुंबईला जाऊन गाडीसाठी बनवलेलं पातळ, उष्णता सोसणारं आवरण बसवून घ्यायची तयारी नव्हती. इथेच कर, म्हणाला. आधी लोकरीचा जाड नमदा घातला. धुतल्यावर पाणी धरून तो कुजला. मग थर्माकोल, खड्ड्यात गाडी गेली की उंदरासारखा चिरकायचा. शेवटी कारागिराला आपला छपरांचा धंदा आठवला. छपरावर पावसाचा मारा गप्प करतं ते गाडीत का नाही करणार?

"सीटा काढल्या, गालिचा काढला, गंज खरवडला," तो बोटांवर मोजत सांगू लागला. "रॉकेलने पुसला, वाळवला. मग फेल्ट दिव्यावर गरम करायचा आन् लाकडी रुळाने दाबत जायचा, आत हवा नाय राहिली पायजे. सगळीकडे लावायची गरज नसते साहेब. पत्रा मधोमध वाजतो, तिथे लावला तरी पुरतो. पन शेठ म्हनला, कोपरा सोडायचा नाय."

आणि तिथेच घोळ झाला. छपरावर डांबराला वारा लागतो. बंद गाडीत, खालून सायलेन्सरची धग आणि वरून मे महिना. मागच्या सीटखालचं फेल्ट पाघळलं आणि गालिच्याच्या शिवणीतून वर आलं. वास जाईना. शेठने त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या.

मी विचारायचा तो प्रश्न विचारला. गाडी कोणाची?

त्याने डांबराच्या हाताने माझ्याकडेच बोट केलं. "मला काय इचारता? तुमीच बसला व्हतात की तिच्यात. रामवाडीला मी हात केला तुमाला."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. ठाणे अंमलदाराची लेखणी थांबली. कारागिराला आपलं काय चुकलं ते कळेना. मी म्हणालो, "लिहून घ्या जबाब." आवाज माझाच होता, पण दुरून आल्यासारखा वाटला.

पुढचं काम सरळ होतं. म्हातारीच्या लुगड्याच्या काठाला डांबर लागलं होतं. खोबरेल चोळूनही ते निघालं नव्हतं. पंचांसमोर लुगडं जप्त केलं, गाडी आणली, मागचा गालिचा उचलला. दोन्ही नमुने मुंबईला तपासणीला पाठवले. ओळख परेडीत तिने दोन्ही माणसांच्या छातीवर बोट ठेवलं. मग त्या गाडीचा ड्रायव्हर फुटला आणि शेठचं नाव त्याने घेतलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. निव्वळ वासावरून गुन्हा उघडकीला आणला म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं.

कोर्टात ड्रायव्हरने जबाब फिरवला, शेठचं नाव घेतलं नाही. तो आणि ती दोन माणसं शिक्षेला गेली. शेठ सुटला, कारण बांधाच्या प्रकरणात त्याला रस होता हे सांगणारा एकही साक्षीदार सरकार पक्षाकडे नव्हता. तो साक्षीदार गणवेशात कोर्टाच्या भिंतीला टेकून उभा होता. त्या खटल्यातल्या माझ्या साक्षीत त्या प्रवासाचा उल्लेख नाही. कारागिराच्या जबाबातही ते हात केल्याचं वाक्य नाही. मी ते गाळायला लावलं.

बांध त्या वर्षी झाला नाही. भगदाड एवढं मोठं झालं होतं की गावाच्या आवाक्यात राहिलं नाही. पावसाळाभर शेतं खारी राहिली आणि पुढची काही वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही. ती जमीन अखेर कोणी घेतली, हे सांगायला नकोच.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर मी तिला गाठलं. तिला म्हणालो, आजी, गाडी कोणाची ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मना तवाच कलला व्हता," ती पदर सावरत म्हणाली. "तुमी रंग इचारला, नंबर इचारला. डांबराचा वास बोलली, तर कसला, कुठना, काय नाय इचारला. ज्याला म्हाईत हाय तो कशाला इचारेल?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"कोनाला सांगू? तुमीच पोलीस."

एवढं बोलून ती एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेली. खोटं बोलणारा माणूस कसा ओळखावा हे मी पुढे कितीतरी नव्या पोरांना शिकवलं. तो काय सांगतो ते ऐकू नका, कुठे थांबतो ते बघा, असं सांगायचो. ही युक्ती मी कुणाकडून शिकलो, ते मात्र एकालाही सांगितलं नाही.