रबर ताणून बघणारे काका

रबराचा तुकडा हाती आला की काका तो अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू ताणत, डोळे मिटत आणि म्हणत, "बाय, ताठ झालां गो."

काम सुटलं तरी बोटं कामावरच असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका लालबागचे, मिलमध्ये सूत काढायच्या खात्यात होते. संपानंतर मिल उघडलीच नाही, तेव्हा ते माटुंग्याला आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. मी तिथे कृत्रिम रबरावर संशोधन करत होते. दुपारी खिडकीतल्या उन्हात काका काचेची भांडी पुसत बसत. पुसता पुसता हात थांबे, आणि उजेडात तरंगणारी धूळ ते बघत राहत, जणू अजून कापूसच उडतोय.

माझं रबर सारखं बिघडत होतं. उत्प्रेरक घातला की वायूचे रेणू एकमेकांना जोडले जात, साखळी वाढे, वाढतच जाई. शेवटी सगळं इतकं घट्ट होई की ढवळणीच अडकून बसे. सहा महिने हेच. एक दिवस माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय बदल." मी काकांसमोर रडले.

"ही साखळी जोडतो कोण?" त्यांनी विचारलं.

"उत्प्रेरक."

"आणि भरली की उतरवतो कोण?"

"म्हणजे?"

"अगो, बॉबिन भरली की आम्ही उतरवायचो, रिकामी लावायचो. मशीन चालूच. तुझ्याकडे उतरवणारा कोणी नाय?"

होता की! एक दुसरा वायू. तो किंचित सोडला की वाढती साखळी उत्प्रेरकापासून सुटते आणि उत्प्रेरक नवी सुरू करतो. मी ते वाचून विसरले होते. महिनाभर प्रमाण कमीजास्त करत राहिले, आणि एका दुपारी रबर हवं तसं मऊ उतरलं. काकांनी ते ताणलं. डोळे मिटले आणि हसले.

दर सोमवारी ते बंद मिलच्या गेटवर चौकशी करून मग कामाला येत.

"काय म्हणतात, काका?"

"बोलावतील."

पुढे मला नोकरी लागली, भेटी थांबल्या. काही वर्षांनी लोअर परळला काकांच्या मिलच्या फाटकाशी गर्दी दिसली. आतली मशीनं भंगारात निघाली होती, ट्रकवर चढवत होते. कडेला काका उभे, केस पांढरेशुभ्र. मी हाक मारली. त्यांनी मला ओळखलं, पण नजर ट्रकवरच.

"तिसरां मशीन बघ," ते हळूच म्हणाले. "तां माजां."

ट्रक हलला. काकांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तापलेल्या रस्त्यावर, तो वळणाआड जाईपर्यंत, अनवाणी उभे राहिले.