गाढववाल्याचा हात

आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत आणि त्यांचा निवडणुकीशी काडीचा संबंध नाही. एक पहिल्या भागाचा, एक दुसऱ्या भागाचा. पहिल्याचे पुढारी गोटीरामभाऊ, रविवार कारंज्यापाशी त्यांचं हारांचं दुकान आहे. दुसऱ्याचे पुढारी वाल्मीकअण्णा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जन्मभर नाशिक-येवला गाडी हाकली आणि आता रोज सकाळी हारांच्या दुकानाच्या बाकावर येऊन बसतात, ते फक्त भांडायला. मी भारत. शेजारीच माझा मंडप आणि साउंडचा धंदा. मी कुठल्याच पक्षात नाही, म्हणून दोघांची बोलणी मलाच खावी लागतात.

भांडण एका सिनेमावरून. दोघंही पोरसवदा असताना आलेला, इटलीतल्या लोकांनी काढलेला घोडे-पिस्तूलवाला पिक्चर. टोप्या, धूळ, दारूचा गुत्ता, सगळं जिथल्या तिथे. फक्त हिरो घोड्याऐवजी गाढवावर बसून येतो आणि कुणाला मारत नाही. गोळी झाडतो ती गुंडांच्या पट्ट्यावर, आणि विजार सावरता सावरता गुंड पळून जातात. खरं नाव कुणालाच आठवत नाही. सगळे म्हणतात ‘गाढववाला’. तो चालला म्हणून ‘गाढववाला’चा दुसरा भाग निघाला, आणि आमच्या गल्लीच्या नशिबी हे भांडण आलं.

“दुसऱ्यात गाढवाला काम हाय,” वाल्मीकअण्णा सांगतात. “पयल्यात नुसतं उभं राहतं. दुसऱ्यात ते बेकरीत घुसतं, पीठ उडवतं, फौजदाराच्या खुर्चीत बसतं. असं गाढव परत झालं नाय.”

“गाढवाला गाढवच आवडनार,” गोटीरामभाऊ हारातली गाठ मारत म्हणतात. “अरे, दुसऱ्यातला हिरोच नकली हाय. पयल्यात तो डाव्या हातानं पिस्तूल काढतो, दुसऱ्यात उजव्या. मानूस बदलला त्यांनी. टोपी तीच ठिवली आन् खाली दुसराच उभा केला.”

“दोन्हीत उजवाच हाय, गोट्या!”

“डावरा हाय!”

समोरचा चहावाला संतोष म्हणतो, दोन्ही एकच पिक्चर होते, फक्त पोस्टर बदललं होतं. त्याला दोन्ही पक्षांनी वाळीत टाकलं आहे. चहा मात्र त्याच्याकडूनच येतो.

मला वाटायचं, माणूस एवढा का तापतो? पडद्यावरचा गोरा डावरा असला काय आणि उजवा असला काय. मग एका दुपारी गिऱ्हाईक नसताना गोटीरामभाऊ स्वतःच बोलले.

ते मूळचे सायखेड्याचे. वडील गावोगावच्या यात्रांत हार विकायचे आणि गोटीराम जन्माचा डावरा. सुई डाव्या हातात धरली की वडील कावायचे. देवाचा हार डाव्या हातानं ओवतात का? कामाला बसवताना त्याचा डावा हात त्याच्याच मांडीखाली दाबून ठेवायला लावायचे. उजव्या हातानं ओवलेला हार वेडावाकडा व्हायचा, मग त्याबद्दल वेगळा मार. अशात एका यात्रेत मैदानावर ‘गाढववाला’ लागला. “सगळे पुढं जागा धरून बसलेले. मी हार विकून गेलो तवर पिच्चर चालू झालता. मिळंल तिथं बसलो. आन् बघतो तर काय भारत, हिरो डावरा! आख्खं गाव त्याला टाळ्या वाजवतंय!”

त्या रात्री घरी येऊन पोरानं बापाला सांगितलं, तो एवढा मोठा साहेब डाव्या हातानं सगळ्यांची विजार सोडतो, मग मी हार ओवला तर काय होईल? बाप आधी रागावला, मग विजारीचं ऐकून जो हसत सुटला तो थांबेचना. दुसऱ्या दिवसापासून मांडीखालचा हात मोकळा झाला. आज गोटीरामभाऊंचा शेवंतीचा हार घ्यायला पंचवटीतून माणसं येतात. मला हे ऐकून खरंच भरून आलं आणि मी मूर्खासारखा म्हणालो, “मग तो पिक्चर आपण परत बघूच की.”

हे बोललो आणि वाल्मीकअण्णांच्या कानावर गेलं. त्यांच्या मुलानं पुण्यात बसून इंटरनेटवर गाढव, पिस्तूल, इटली असं काहीबाही टाकून दोन्ही भाग शोधले आणि पेन ड्राइव्ह धाडला. इंटरनेटवर त्या पिक्चरखाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया मी मोबाईलवर मराठीत करून वाचून दाखवल्या. ब्राझीलच्या कुणीतरी लिहिलं होतं, दुसऱ्या भागात गाढव फार झालं. गोटीरामभाऊंनी हात जोडले. “म्हंजे तिकडं बी आपली मानसं हायेत.” लगेच इटलीतली एक बाई म्हणत होती, पहिला भाग रटाळ, दुसऱ्यात खरी मजा. वाल्मीकअण्णांनी तिच्या नावानं सगळ्यांना चहा पाजला. जगभर हीच मारामारी चालली आहे हे पाहून मला आमच्या गल्लीबद्दल अभिमान वाटला. हाताबद्दल मात्र एकानंही अवाक्षर काढलं नव्हतं.

ठरलं, शनिवारी संध्याकाळी माझ्या गोडाऊनच्या अंगणात पहिला भाग लावायचा. सगळ्या गल्लीसमोर काय तो निकाल लागेल, असं अण्णांनी जाहीर केलं. गोटीरामभाऊ नुसते हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मला वाल्मीकची पर्वा नाय रे. सायलीला दाखवायचाय.”

सायली म्हणजे त्यांची नात, दुसरीतली. तीही डावरी. घरात गोटीरामभाऊंच्या थोरल्या बहिणीचं, अक्काबाईंचं राज्य. त्यांनी पोरीला तेच वळण लावायला घेतलं होतं, डावा हात मांडीखाली. अक्का दुष्ट नव्हेत. मुलीच्या जातीला सासरी बोलणी बसतील, ही त्यांची खरीखुरी काळजी. पण सायली आधी दिवसभर चित्रं काढायची, ती तिनं बंद केली होती. आजोबांनी तिला शब्द दिला होता, “गाढववाला दाखवतो. मग बघू कोन तुला बोलतंय ते.”

शनिवारी दुपारी मी मंडपाच्या ताडपत्र्यांनी अंगण झाकून अंधार केला, मधोमध बांबू रोवून पांढरं कापड ताणलं आणि प्रोजेक्टर नीट चालतो का ते पाहायला पिक्चर जरा लावला. गाढववाला आला. गुंड समोर आले. त्यानं पिस्तूल काढलं. उजव्या हातानं.

पिक्चर मागे फिरवून पुन्हा पाहिलं, तरी उजवाच. कापडाचा एक कोपरा सुटला होता म्हणून बांधायला मागे गेलो, आणि तिथून पडद्याकडे नजर गेली तर गाढववाला डावरा! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. यात्रेतले पडदे असेच मैदानाच्या मधोमध असायचे आणि उशिरा येणारे पडद्याच्या मागच्या अंगाला बसायचे. मागून सगळंच उलटं दिसतं. गोटीराम हार विकून गेला तेव्हा पुढे जागाच नव्हती. दुसरा भाग त्यांनी नाशिकच्या थेटरात खुर्चीवर बसून पाहिला, पुढून. इतकी वर्षं दोघंही खरं बोलत होते.

सांगायचं कसं? प्रोजेक्टरमध्ये चित्र उलटं करायची सोय असते. तसं केलं तर गोटीरामभाऊ जिंकतात, सायली जिंकते, अण्णा वेडे ठरतात. मी मनाशी म्हटलं, अण्णांनी उभ्या आयुष्यात एवढ्या गाड्या वेळेवर नेल्या, एकदा खोटे पडले तर काय बिघडलं? सुरुवातीची नावं उलटी दिसू नयेत म्हणून ती सरल्यावर बटण दाबायचं ठरवलं आणि रिमोट खिशात घालून ठेवला.

संध्याकाळी अंगण भरलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. अक्काबाई चुरमुऱ्यांच्या भत्त्याचं मोठं पातेलं घेऊन खुर्चीवर. सायली आजोबांच्या मांडीला चिकटून पुढे बसलेली. पिक्चर सुरू झाला, गाढवाला पहिली टाळी पडली, आणि मी चित्र उलटं करायला रिमोटचं बटण दाबलं तर पडद्यावर भलतीच यादी उघडली आणि सगळं चित्र हिरवं झालं. “भारत, नीट लाव!” सगळे ओरडले. ते निस्तरेपर्यंत गुंड समोर येऊन उभे राहिले.

उजवा हात. पट्टा तुटला. विजार खाली.

“बघ!” वाल्मीकअण्णा ताडकन उठले. “उजवा! बघा रे सगळे, उजवा हाय!”

सायलीनं आजोबांकडे पाहिलं. मग तिनं डावा हात मांडीखाली सारला. तेवढं पाहिलं आणि मला त्या रिमोटसकट जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

गोटीरामभाऊंनी आधी पोरीचा हात पाहिला, नंतर यात्रेतल्यासारखं मधोमध ताणलेलं कापड. मग उठले, कापडाची कड धरून मागे गेले. आम्हाला त्यांची सावलीही दिसेना. आणि एकदम मागून आरोळी आली.

“हाय! डावराच हाय! ये वाल्मीक, हितून बघ!”

सायली धावत मागे गेली. मग पुढे आली. मग परत मागे. “आबा, तिकडून उजवा आणि इकडून डावा!” ती किंचाळत होती. गोटीरामभाऊ झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर बसून डोळे पुसत हसत होते.

“येडाच हाय मी. सगळा जन्म पाठीमागून बघितलेल्या पिच्चरवर काढला,” ते म्हणाले. “पन बरं झालं बाबा, त्या दिवशी हार खपायला उशीर झाला. पुढं बसलो असतो तर आजून हात मांडीखालीच असता.”

अण्णा आले ते भांडायलाच. पण एकदा पडद्याच्या मागून बघितलं आणि तसेच पुढे गेले. थोड्या वेळानं त्यांनी आपली खुर्ची ओढत मागे आणली. “हितून गाढव बी जरा बरं दिसतंय,” एवढंच म्हणाले. बघता बघता निम्मी गल्ली मागे येऊन बसली.

मध्यंतरात अक्काबाईही पातेलं घेऊन मागे आल्या. त्यांनी तोवरचा पिक्चर तोंड वाकडं करून पाहिला होता, पण विजारीच्या जागी पदर तोंडाला लावताना मी त्यांना पकडलं होतं. कागदी द्रोणात भत्ता भरून त्या सगळ्यांना देत आल्या. सायलीनं हात पुढे केला. डावा. लगेच तिच्या लक्षात आलं आणि ती तो मागे घेऊ लागली.

अक्काबाईंनी मनगट धरलं. भावाकडे पाहिलं. गोटीरामभाऊंनी आपलाही डावा हात पुढे केला.

अक्कांनी द्रोण पोरीच्या डाव्या हातात ठेवला आणि वर आणखी एक मूठ घातली.

“सांडू नको,” त्या म्हणाल्या.