मुकी खेचरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. जवाहरनगरच्या आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से मी नातवंडांना सांगितले, लग्नाकार्यात भेटलेल्या जुन्या सोबत्यांसोबत त्यावर पोटभर हसलो. पण खेचरांपाशी आलो की विषय बदलायचो. आता लिहूनच टाकतो.

रविवारी फॅक्टरीला सुट्टी असायची. वसाहतीच्या फाटकाबाहेर चहाचा ठेला होता, तिथं सकाळी आम्ही पाच-सहा जण जमायचो. दिवसभर दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणारी माणसं, पण कामाबद्दल एक शब्द नाही. बोलणं जुन्या लढायांचं. एकानं प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी डोकं खाजवायचं. ज्याचं म्हणणं चुकलं त्यानं उठायचं आणि पुढचा कोणी चुकेपर्यंत चहा उभ्यानंच प्यायचा. हा आमचा कायदा. माझ्या क्वार्टरात पुस्तकं जास्त, म्हणून निवाडा माझ्याकडे होता.

बाहेरचा माणूस एकच, आंधळगावचा धानाचा व्यापारी. वसाहतीत कुणाकडे तरी तांदूळ पोचवायला आला, चहाला थांबला आणि आमच्यातलाच झाला. मग दर रविवारी त्याची स्कूटर फाटकाशी हजर. त्याचे प्रश्न मजेदार असत.

"सांगा जी, मोठी तोफ ओढाले हत्ती असूनही लढाईच्या तोंडावर बैल काहून जुंपत?"

"हत्तीचा खर्च परवडत नसे," मी ठोकून दिलं. त्यानं मान हलवली.

"गोळे सुटले का हत्ती पलटून पळे. बैल बिचारा उभा राहे."

"माह्या बैलाले नेऊन पाहा," आमच्यातला एक म्हणाला, "दिवाळीच्या फटाक्यानं अर्धं धान तुडवते थो!"

ठेलेवाल्यासकट सगळे हसले. त्या सकाळी उभा मीच होतो. त्याच्या प्रश्नांनी मला हल्ली वरचेवर उभं राहावं लागत होतं आणि ते मला झोंबायला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

एका रविवारी तो जरा चाचरतच बोलला. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, खेचरांच्या तुकडीत. "बाबा सांगत, जंगलात शत्रूले आवाज जाऊ नये म्हणून खेचरांच्या गळ्यातली नस कापून टाकत. मंग थे तोंड उघडत, पण आवाज निघे नाही. गावात कोणालेच पटलं नाही. लोक बाबाले फेकू म्हणत. मरेपर्यंत म्हणत होते. तुम्ही वाचणारे लोक आहा. तुम्हीच सांगा, हे खरं असन का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "भाऊ, पलटणीतून आलेला माणूस गावात थोडं फार वाढवून सांगतोच. उभे राहा."

लोक हसले. तोही हसला आणि ग्लास घेऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात मी नागपूरहून ब्रह्मदेशातल्या लढायांवरचं एक जुनं पुस्तक आणलं. खरं सांगायचं तर माझा निवाडा पक्का करायलाच आणलं. त्यात ते स्वच्छ लिहिलेलं होतं. जंगलात शत्रूच्या पाठीमागे जाणाऱ्या तुकड्यांच्या खेचरांचा आवाज शस्त्रक्रिया करून घालवत असत. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुस्तक कपाटात मागच्या रांगेत सरकवलं.

पुढच्या रविवारी तो आला. स्कूटर स्टँडला लावता लावताच त्यानं विचारलं, "साहेब, सापडलं का जी कुठं, खेचरांचं?"

"नाही," मी म्हणालो. "कुठंच नाही."

"असो," तो म्हणाला. "बाबाच्या बोलण्याचं काय."

त्यानंतर त्यानं वडिलांचं नाव काढलं नाही. काही दिवस येत राहिला, पण प्रश्न टाकेना, मग हंगाम सुरू आहे म्हणून येईना. हंगाम संपला तरी आला नाही. "तुमचा शेठ कुठं गेला?" असं ठेलेवाला विचारायचा. मी चहात बिस्कीट बुडवत राहायचो.

निवृत्तीनंतर एकदा मी ते पुस्तक पिशवीत घालून आंधळगावला गेलो. तो दुकानात गादीवर बसला होता, केस पांढरे झालेले. मला पाहून त्याला मनापासून आनंद झाला. हत्तीचा आणि बैलाचा किस्सा त्यानं स्वतःच काढला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सुनेनं चहा आणला. मी कप घेतला आणि उभाच राहिलो. वाटलं, एवढ्यावरून त्याला कळेल.

"बसा ना जी, कायले उभे?" असं म्हणत त्यानं माझा हात धरून मला शेजारी बसवलं. समोर भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. मी तोंड उघडलं. मग धानाच्या भावाचं काहीतरी विचारलं.

पुस्तक पिशवीतून निघालंच नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

भाऊ, तुमचे बाबा खरं सांगत होते. पुस्तकात होतं, मी वाचलं होतं. त्या रविवारी तुम्ही बसायला पाहिजे होतं आणि उभं मी राहायला पाहिजे होतं. मले माफ करा.