महिनाअखेरचं बदक

बदक न्हाणीघरात होतं. पायाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक नळाला, आणि फरशीवर सगळीकडे ओली पिसं. इन्साफ कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आली आणि दारातच थबकली. बदकानं तिच्याकडे पाहून एकदा आवाज केला आणि पुन्हा बादलीतल्या पाण्यात चोच घातली.

"हे कुणी आणलं?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊकच होतं.

"मी आणलं," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "करावानच्या दुकानातून. पैसे शौकी पहिल्या तारखेला देईल म्हणून सांगितलंय. तिला काय, चाळीस वर्षांची ओळख आहे आमची."

थोड्या वेळापूर्वीच तिच्या नवऱ्याचा, शौकीचा, शोरूममधून फोन आला होता. उद्या शुक्रवारच्या नमाजानंतर वजीहच्या घरचे जेवायला येणार. वजीह म्हणजे त्यांच्या मुलीचा, रावियाचा, होणारा नवरा. साखरपुड्यानंतर ती माणसं पहिल्यांदाच घरी येत होती. दुम्यात शहरात अशा वेळी काय रांधायचं हे कुणी विचारत नाही. मिरी घालून परतलेला कांदा बदकाच्या पोटात ठासून भरायचा आणि ते शिजवायचं. सासूबाईंच्या, म्हणजे हाज्जा बहियांच्या, उभ्या आयुष्यात त्यांच्या घरून एकही व्याही बदक खाल्ल्याशिवाय गेला नव्हता.

पण महिना संपत आला होता. तांदळाच्या डब्याचा तळ दिसत होता, तुपाच्या बरणीत चमचा आडवा करून खरवडावं लागत होतं. एका बदकाच्या पैशांत या घराचा आठवडा निघत असे.

इन्साफ काही जन्मजात काटकसरी नव्हती. ती इझबत अल-बुर्जच्या कोळ्यांची मुलगी. तिच्या माहेरी होडी भरून आली तर शेजारपाजारच्यांनीही पोटभर खायचं आणि रिकामी आली तर सगळ्यांनी चहा-रोटीवर झोपायचं. हिशेब असा कधी नव्हताच. लग्न होऊन ती दुम्यातच्या सुतारआळीत आली तेव्हा शौकीचं स्वतःचं दुकान होतं. तो लाकडाला पॉलिश करायचा. त्याच्या हातची कपाटं आरशासारखी चकाकायची, आणि गिऱ्हाईक आलं की त्या दिवशी मांस यायचं. मग यंत्रावर बनलेलं स्वस्त फर्निचर बाजारात आलं, दुकान गेलं, आणि शौकी दुसऱ्याच्या शोरूममध्ये पगारावर लागला. महिन्यातून एकदा पैसे हातात येऊ लागले. पहिल्याच महिन्यात ते अर्ध्यावर संपले. उरलेला महिना कसा गेला ते इन्साफला आठवायला आवडत नसे. रावियानं तेव्हा एका संध्याकाळी विचारलं होतं, "अम्मा, आज पण नुसती रोटीच?" एवढंच.

त्यानंतर तिनं पैशांचं गणित सोडून दिलं आणि डब्यांचं धरलं. पगाराच्या दिवशी ती बाजारात जाई. तांदूळ, मसूर, न्याहारीला शिजवायचे वालासारखे फूलचे दाणे, तेल, साखर, चहा, सगळं एकदम आणून डब्यांत भरी. डब्यात आहे तोच महिना. साखर संपली तर चहा बिनसाखरेचा. शेजारणी हसत. रेशनकार्डावरची रोटी मोजून आणणारी बाई म्हणून तिला चिडवत. ती चिडत नसे. उलट भाजीवाल्याशी दोन शब्द जास्तच बोलून घेई आणि जाताना मूठभर कोथिंबीर फुकट उचली.

यातून बाजूला काढलेले पैसे मात्र वेगळ्याच कामाला जात, आणि ते हाज्जांना माहीत नव्हतं.

हाज्जांना साखरेचा आजार. पूर्वीचं इन्सुलिन सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. मग डॉक्टरांनी ते बदलून दुसरं दिलं, महागाचं, जे औषधाच्या दुकानातूनच घ्यावं लागे. शौकीनं आईला सांगितलं की हेही फुकटच मिळतं. खोटं सांगण्याला कारण होतं. मागे एकदा डोळ्यांच्या थेंबांची किंमत कळली तेव्हा हाज्जांनी बाटली न उघडता त्याच्या हातात परत ठेवली होती. "पोरीच्या ताटातलं काढून माझ्या डोळ्यांत ओतू नकोस," एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, आणि एक डोळा कायमचा अधू करून घेतला. त्या बाईला खरं सांगायची दोघांचीही छाती नव्हती. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ इन्साफ सासूला सुई टोचे, आणि सासू दंड पुढे करता करता तिला चिक्कू म्हणे.

आता ती न्हाणीघरातून सासूच्या खोलीत आली.

"हाज्जा, हे बदक परत द्यावं लागेल."

"कशाला? वजीहच्या आईला मसूर वाढणार आहेस?"

"घरात आहे ते वाढेन. चांगलं रांधेन."

"घरात काय आहे ते मला माहीत आहे." हाज्जा पलंगावर सरसावून बसल्या. "माझा नवरा गेला तेव्हा दुखवट्याला आलेल्या माणसांनासुद्धा मी उपाशी पाठवलं नाही. आणि तू माझ्या नातीच्या सासरच्यांना कांदाभात घालणार. उद्या ती पोरगी त्या घरात मान वर करून बोलेल का? अगं, माहेरच्या ताटावरून मुलीची किंमत करतात लोक."

"उधारीचं ताट आहे ते."

"मग असू दे. उधार काय तू एकटीनं फेडायचंय? शौकी फेडेल."

इन्साफच्या ओठांवर आलं होतं. पहिल्या तारखेला बदकाचे पैसे दिले की तुमचं औषध कशातून आणू? तिनं ते गिळलं. तिला एवढंच म्हणता आलं, "नाही जमणार, हाज्जा."

"तुझा हातच आखडलेला आहे. कोळ्याची पोर, तुला घरंदाजपणा कसला कळणार."

हे त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. इन्साफ न्हाणीघरात गेली, सुतळी सोडली, बदक काखेत घेतलं आणि जिना उतरली.

सगळ्या आळीनं तिला पाहिलं. बदकानं वाटेत तिच्या अंगावर घाण केली. करावान दुकानाबाहेर स्टुलावर बसून कोंबडी सोलत होती.

"काय गं, इतक्यात परत? आवडलं नाही का व्याह्यांना?"

"व्याही उद्या येणार आहेत. हे ठेवून घे."

"विकलेला माल मी परत घेत नाही."

"विकलेला नाही, दिलेला. पैसे कुठे घेतलेस तू?"

करावाननं चाकू खाली ठेवला. आजूबाजूच्या बायका थांबल्या. "म्हणजे हाज्जा बहियांचा शब्द आता चालत नाही वाटतं त्या घरात."

"चालतो," इन्साफ म्हणाली. तिचे कान तापले होते. "पण बदक घे."

करावाननं ते पिंजऱ्यात टाकलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जा बाई. अल्ला तुझ्या मुठीत बरकत देवो, उघडत तर नाहीच ती."

रात्री शौकी घरी आला तेव्हा आई जेवलेली नव्हती, बायको बोलत नव्हती आणि राविया स्वयंपाकघरात रडून डोळे सुजवून बसली होती. तो तिघींच्या मध्ये उभा राहिला. "इन्साफ, या एका वेळेला..." त्यानं सुरुवात केली.

"तूच ठरव," ती हळू आवाजात म्हणाली. "बदक की शीशी. तू ठरव, मी रांधते."

अंगावरचे पॉलिशचे डाग पुसत तो बाहेर गॅलरीत जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळपासून इन्साफ चुलीपुढे होती. घरात कांदे होते. कांदे स्वस्त होते त्या आठवड्यात तिनं टोपलीभर घेऊन ठेवले होते. तिनं ते मंद आचेवर गडद तांबूस होईपर्यंत परतले आणि त्याच रंगात उरलेला सगळा तांदूळ शिजवला, तिच्या माहेरी मासळीबरोबर करतात तसा. मसुराचं दाट सूप केलं. वांगी तळून लसूण-व्हिनेगरमध्ये टाकली. दुम्याती चीजवर टोमॅटो आणि तेल घातलं. बदकात भरतात तो मिरीचा कांदा मात्र तिनं वेगळा केला आणि नुसताच एका ताटलीत काढला. का केला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाहुणे आले. वजीह, त्याचे वडील, आणि त्याची आई सित्त अफकार, ठेंगणी, अंगानं भरलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त अशी बाई. त्यांनी टेबलावरून एकदा नजर फिरवली. रावियानं मान खाली घातली.

"हाज्जा कुठे आहेत?" सित्त अफकारनी विचारलं.

"बरं नाही त्यांना जरा," शौकी म्हणाला.

"मी बरी आहे." हाज्जा बहिया दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. काळा झगा नीट चढवलेला, डोक्याला पांढरी ओढणी. "माझ्यामुळे कुणी खोटं बोलायला नको. आज आमच्या घरी बदक नाही, सित्त अफकार. मी आणलं होतं. माझ्या सुनेनं ते परत नेऊन दिलं. हे तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

वजीहच्या वडिलांनी हातातली रोटी तशीच ताटात ठेवली. इन्साफच्या हातात सुपाचं भांडं होतं. ते वाढायचं की खाली ठेवायचं हेही तिला सुचेना. तिनं शौकीकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

पण शौकी उभा राहिला होता. त्याचा आवाज फाटला. "आई, तुझं इन्सुलिन फुकट नाही मिळत. दोन वर्षं झाली. ही त्याच डब्यांतून वाचवते आणि आणते. काल बदक ठेवलं असतं तर पुढच्या महिन्यात तुला काय टोचलं असतं? पाणी?"

"शौकी, बस," इन्साफ म्हणाली.

हाज्जांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आपल्या एका चांगल्या डोळ्यानं, खूप वेळ. मग त्या वळल्या आणि खोलीचं दार आतून लागलं.

सित्त अफकारनी घसा साफ केला. "सूप गार होतंय," त्या म्हणाल्या आणि आपली वाटी पुढे केली. वाढून झाल्यावर त्यांनी मिरीचा कांदा भातावर घेतला, चवीनं खाल्ला, आणि नवऱ्याच्या ताटातही घातला. जेवण संपलं. निघताना मात्र त्या इन्साफपाशी थांबल्या. "तुम्ही बदक घातलं असतं तर पुढच्या महिन्यात मला तुम्हाला दोन घालावी लागली असती. मी काल रात्री त्याच चिंतेत होते." एवढं बोलून त्या जिना उतरल्या. रावियाचं लग्न मोडणार नाही हे इन्साफला तेव्हा कळलं, पण त्याचा आनंद करायला तिला फुरसत नव्हती.

सुईची वेळ झाली होती आणि दार बंद होतं.

"हाज्जा, दार उघडा."

"मला नको ते."

"शीशी उघडलेली आहे. पैसे देऊन झालेत. तुम्ही घेतलं नाही तर ते वायाच जाईल."

"जाऊ दे वाया."

इन्साफ दाराशी जमिनीवर बसली. तिनं विनवण्या केल्या, मग तिला राग आला. तो राग गेल्या दोन वर्षांचा होता. "चिक्कू म्हणालात, ऐकलं. कोळ्याची पोर म्हणालात, तेही ऐकलं. आळीभर मी घाण अंगावर घेऊन फिरले. आता तुम्ही सुई घेणार नसाल तर ते सगळं मी कशासाठी ऐकलं, ते तरी सांगा."

आत पलंग करकरला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. हाज्जांनी दंड पुढे केला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुई बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "एका अटीवर. यापुढे डबे मी भरणार. माझ्या दंडात काय जातं ते मला माझ्या हातानं मोजायचंय. मला अंधारात ठेवून कुणी वाचवायचं नाही."

इन्साफनं "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती.

पगाराच्या दिवशी हाज्जा बहिया काठी टेकत बाजारात गेल्या. त्यांनी तांदूळवाल्याला घाम फोडला. साखर इन्साफ घेई त्याहून कमी घेतली, आपल्याला तर ती नकोच म्हणून. घरी येऊन त्यांनी डबे फडताळात वरच्या फळीवर मांडले आणि रोज सकाळी लागेल तेवढंच काढून सुनेच्या हाती देऊ लागल्या. तूप चमच्यानं, तेही चमच्याची कड पुसून. राविया आईच्या कानात म्हणाली, "अम्मा, तुझ्या राज्यात बरं होतं गं." करावानच्या दुकानापुढून जाताना हाज्जा थांबून मुद्दाम विचारत, बदकांचा भाव काय, आणि भाव ऐकून नुसत्याच पुढे जात.

त्यांनी सुनेची माफी कधी मागितली नाही. चिक्कू म्हणायचं मात्र बंद झालं.

इन्साफला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्यात काहीतरी हरवल्यासारखंही होतं. त्या घरात तिच्या एकटीच्या हाती म्हणावी अशी डब्यांचीच एक गोष्ट होती. पुढच्या पगाराच्या दिवशी सासू बाजारात गेली, नवरा कामावर, राविया शिवणाच्या क्लासला. इन्साफ रिकाम्या स्वयंपाकघरात थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं चप्पल घातली, मायक्रोबस पकडली आणि इझबत अल-बुर्जला बहिणीकडे गेली. दोघी जेट्टीवर पाय सोडून बसल्या. होड्या परत येत होत्या, आणि बहीण विचारत होती की आज अशी अचानक कशी आलीस, घरी सगळं ठीक आहे ना.