चहाच्या सुट्टीतली ओळख
गवती चहाचा वास आला की मला नंदुरबारला भरलेली नर्सांची ती परिषद आठवते. मी तेव्हा नवीन होते, मणिबेलीकडे नदीकाठच्या गावांना फिरणाऱ्या बोटीतल्या दवाखान्यावर. "नुसती भाषणं ऐकू नका, ओळखी करून या," असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. चहाच्या सुट्टीत सगळ्याजणी घोळक्याने हसतबोलत होत्या आणि मी गवती चहाचा कप धरून खांबापाशी उभी होते. तेवढ्यात म्हसावदकडची एक पिकल्या केसांची नर्स जवळ आली. "एकलीच का उभी शे वं माय? कथानी शे तू?" कुठली ते मी सांगितलं. "तठे बाई अडनी तं काय करतस?" बाई अडली तर मी काय करते, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मागच्याच महिन्यात बाळंतपणानंतर रक्त थांबेना म्हणून एका बाईला बोटीतून नेताना तिने माझ्यासमोर प्राण सोडला होता. ते मी सांगून टाकलं. तशी ती मला बाहेर कट्ट्यावर घेऊन गेली, परिषदेत मिळालेल्या पिशवीची गुंडाळी केली आणि अशा वेळी गर्भाशय दोन्ही हातांत कसं दाबून धरायचं ते दाखवलं. मग माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. तोवर आत पुढचं भाषण संपलंसुद्धा. परतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "किती ओळखी झाल्या?" "एकच," मी ओशाळून म्हणाले. पुढे बोटीत दोनदा तशीच वेळ आली, आणि दोन्ही वेळा किनारा येईपर्यंत मी हात काढले नाहीत. दोघी बाया वाचल्या. त्यांतल्या एकीची मुलगी आता शाळेत जाते. बोट दिसली की लांबूनच मला हाक मारते.