एका दमात

मिस्त्रींचं लग्न जमलं तेच मुळी एका गैरसमजातून. मध्यस्थानं मुलीच्या घरी सांगितलं, मुलगा पूल बांधतो. मुलीच्या वडिलांच्या डोळ्यांपुढं भली मोठी नदी, तिच्यावरच्या कमानी आणि कमानीखाली रुबाबात उभा असलेला जावई असं चित्र उभं राहिलं. लग्न उरकल्यावर कळलं, की जावई स्विमिंग पूल बांधतो. बंगलेवाल्यांच्या घरामागं खड्डे खणतो आणि त्यात पाणी सोडून देतो. सासरे बरेच दिवस तोंड पाडून होते. बायको मात्र पोट धरून हसली. म्हणाली, "बरंच झालं. पुलावरून नुसतं पलीकडं जाता येतं. यात उतरता तरी येईल."

ती नदीकाठच्या घरातली. चालायला आणि पोहायला बरोबरच शिकलेली. आणि मिस्त्री मात्र उभ्या जन्मात घोट्याच्या वर पाण्यात गेलेले नव्हते. तलाव बांधून व्हायचा, पाणी भरायचं, मालकाची पोरं धपाधप उड्या मारायची आणि मिस्त्री चार हात लांब उभे. "आचारीच जेवणाला भितो म्हणायचं," बायको चिडवायची.

मालकांच्या तलावात तिला कोण बोलावणार? पण संध्याकाळी मिस्त्री घरी आले, की ताट वाढता वाढता ती पहिलं विचारायची, "आज कुठवर आलं?" मग मिस्त्री सांगायचे. लोखंडाची जाळी बांधून झाली, पाइप बसले, उद्या काँक्रीट. गप्पांचा विषय घरात तेवढाच, पण तो कधी आटला नाही. लेक त्या गप्पा ऐकत मोठी झाली, शिकली, शाळेत शिकवायला लागली, लग्न होऊन त्याच शहरात चार गल्ल्या सोडून राहायला गेली. पोहायला तिला आईनं शिकवलं, सुट्टीत आजोळी नेऊन. मिस्त्रींना तेवढे दिवस कधी सुट्टी मिळाली नाही.

मिस्त्रींनी काम थांबवलं आणि त्याच वर्षी बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जीभ जड झाली. शब्द ओल्या कपड्यासारखे जड होऊन बाहेर यायचे. व्यायाम घ्यायला एक बाई घरी यायची. ती एकदा सहज बोलून गेली, "यांना पाण्यात उभं करता आलं असतं ना, तर पाय लवकर हलला असता. पाण्यात अंगाचं ओझं राहत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री घरामागच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की घेऊन उभे.

"अहो, हे काय?" खिडकीतून बायकोनं विचारलं.

"तुझा तलाव."

तिनं मातीवर ओढलेली पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी मोजली. मग म्हणाली, "खोल करा जरा. बुटक्या माणसाच्या हौदासारखा नको."

त्या दिवसापासून घर बदललं. खोदणारे आले, माती निघाली, मातीचा ढीग कुंपणाच्या वर गेला. मिस्त्रींचा जुना जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणत, तो हाक मारताच आला. बायकोची चाकाची खुर्ची खिडकीशी लावलेली असायची आणि तिथून तिचा हुकूम चालायचा. आकाशी फरशी तिला नको होती. "ती दवाखान्यासारखी वाटते. हिरवट आणा, डोहाच्या रंगाची." तलावाभोवतीचा डेक, म्हणजे कडेचा ओटा, दाराच्या उंबऱ्याच्या पातळीत हवा, म्हणजे खुर्ची आतून थेट बाहेर येईल, हे मिस्त्रींच्या डोक्यातलं. पाण्यात उतरायला पायऱ्यांऐवजी उतार, आणि उताराच्या कडेनं दांडा. डेक खरबरीत ठेवायचा, म्हणजे ओल्या पायानं कुणी घसरणार नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्यासुद्धा त्यांचा हात हवेत दांड्याची उंची मापायचा.

गल्लीतल्या बायका येऊन खड्ड्यात डोकावून जायच्या. "असा नवरा मिळायला नशीब लागतं हो," असं म्हणायच्या. बायको हसायची. हसताना आता तोंड एकाच बाजूला वळायचं.

पण एक गोष्ट त्या बायकांना दिसत नव्हती. तिला भरवायची लेक. तिचे केस विंचरायची लेक. शाळा सुटली की ती धावत यायची. मिस्त्री खोलीत यायचे, उभ्या उभ्या विचारायचे, "काय, बरी आहेस ना?" आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत वळलेले असायचे. ती आडवी झालेली त्यांना बघवत नव्हती. बाहेर लोखंड होतं, वाळू होती, सगळं हाताच्या आवाक्यातलं होतं. खोलीत मात्र आपल्या हातांचं काय करायचं, तेच त्यांना कळत नव्हतं.

एकदा ती म्हणालीसुद्धा, "काम राहू द्या थोडा वेळ. माझ्याशी बोला."

"अगं, तुझंच तर चाललंय," मिस्त्री म्हणाले आणि पाइपाचा उतार तपासायला बाहेर गेले.

काँक्रीटचा दिवस उजाडला. तलावाचं काँक्रीट एका दमात व्हावं लागतं. मध्ये खंड पडला, की आधीचं घट्ट होतं आणि नवं त्याला नीट धरत नाही. तिथं सांधा पडतो आणि पुढं पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. हे मिस्त्रींनी आयुष्यभर पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं. काँक्रीटची गाडी दारात आली, पंप धडधडायला लागला. मिस्त्रींनी स्वतः नळी हातात घेतली. लांब्या मागं थापी घेऊन भिंत सारखी करत होता. लेकीनं त्या दिवशी रजा काढली होती. आईचं डोकं सकाळपासून दुखत होतं.

तळ झाला, दोन भिंती झाल्या. तिसरी अर्धी झाली असेल, तेवढ्यात लेक पळत मागच्या दारात आली.

"बाबा! चला लवकर. आईचं काहीतरी बिनसलंय. उलटी झालीय, डोळे नीट ठरत नाहीयेत."

पंपाच्या आवाजात मिस्त्रींना आधी कळलंच नाही. मग कळलं. नळीतून काँक्रीट सुटतच होतं.

"मिस्त्री, तुम्ही जा," लांब्या म्हणाला. "नळी माझ्याकडं द्या. मी काय आज नवा आहे का?"

मिस्त्रींनी नळी सोडली नाही. "तू गाडी काढ," ते लेकीला म्हणाले. "तिला घेऊन पुढं हो. एवढी भिंत होऊ दे, मी आलोच मागोमाग."

लेकीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मग शेजाऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून आईला गाडीत बसवलं आणि गाडी गेली.

मिस्त्रींनी तिसरी भिंत पुरी केली. चौथीही केली. पुढं लोक म्हणाले, माणूस दगड आहे. दगड नव्हता. घाबरलेला होता. हातातली नळी सोडली असती तर ते तिथंच बसले असते. दवाखान्यात काहीतरी वाईट ऐकायला मिळणार, हे त्यांना आतून कळलं होतं. भिंत संपेपर्यंत ते ऐकावं लागणार नव्हतं.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा गुडघ्यापर्यंत सिमेंट वाळून पांढरं झालेलं. दारावरच्या माणसानं अडवलं, "असं आत नाही जाता येणार, आजोबा. पाय धुऊन या." सिमेंट निघता निघत नव्हतं. ते नखांनी खरवडत राहिले. आत गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. मिस्त्री तिच्या कानाशी वाकून बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून रोजचं सांगितलं. चारी भिंती झाल्या. उतार छान आलाय. तुझी फरशी आणायची आहे. तिनं डोळे उघडले नाहीत. आठवडाभरात ती गेली, एकही शब्द न बोलता.

सगळे नातेवाईक पांगल्यावर लेक म्हणाली, "बुजवून टाका तो खड्डा."

तिच्याकडं पाठ फिरवून मिस्त्रींनी नळ सोडला आणि भिंतींवर पाणी मारायला लागले. नव्या काँक्रीटला पाणी चुकवून चालत नाही. लेक चपला घालून निघून गेली.

मग ती आलीच नाही. फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारून ठेवून द्यायची. मिस्त्रींनी एकट्यानं हिरवट फरशी लावली. गुडघ्यांवर बसून, एकेक तुकडा. डेकही स्वतः केला, दाराच्या पातळीत, जिच्यासाठी केला तिची खुर्ची अडगळीत पडलेली असताना. शेवटी पाणी भरलं. पाण्याच्या पातळीला खूण करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. कुठं ओल नाही, कुठं थेंब नाही. इतका निर्दोष तलाव त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. ते डेकवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. निदान गळायला तरी हवा होता.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी लेक न सांगता आली. स्वयंपाकघर आवरलं, चहा केला आणि कप घेऊन पहिल्यांदाच मागच्या दारातून बाहेर आली. दोघं डेकवर बसली. पाणी शांत होतं.

"बाबा, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीत आई बोलली होती."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"नीट कळत नव्हतं. दोनदा म्हणाली, तेव्हा उमगलं. म्हणाली, त्यांना सांग, काम टाकून येऊ नका म्हणावं. सांधा पडेल."

मिस्त्री पाण्याकडं बघत राहिले.

"मी मुद्दाम नाही सांगितलं. तुम्हाला वाटलं असतं, चला, तिनंच सांगितलं होतं. मला तुम्हाला तेवढंही मिळू द्यायचं नव्हतं. आता मलाच ते पेलवत नाही."

"आणखी काही म्हणाली?"

"नाही."

"मग काय करत होती?"

लेकीला सांगायचं नव्हतं. पण आता लपवण्याचाही तिला कंटाळा आला होता. "गाडीच्या बाजूच्या आरशात मागं बघत होती. गल्लीचं वळण येईपर्यंत."

मिस्त्रींनी डेकच्या कडेवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, "पडला असता तर पडला असता गं सांधा. सांधा भरता येतो. जन्मभर तेच तर केलं मी. गळलं तिथं फोडायचं आणि परत भरायचं. मला ठाऊक होतं की ते."

लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यांनीही माफी मागितली नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली आणि जाताना ती म्हणाली, "रविवारी येते."

पुढच्या हंगामात एक मालक मिस्त्रींचं नाव ऐकून घरी आला. त्याच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते, तिच्यासाठी लहानसा तलाव हवा होता. मिस्त्री आधी नको म्हणाले, मग तयार झाले. काँक्रीटच्या दिवशी मालक सकाळपासून खड्ड्याच्या काठावर. सगळं त्याला बघायचं होतं, पंप कसा चालतो, भिंत कशी चढते. मिस्त्रींनी दोनदा त्याच्याकडं पाहिलं. तिसऱ्यांदा नळी लांब्याच्या हातात देऊन ते त्याच्याजवळ गेले.

"आई कुठं आहेत?"

"आत आहे. झोपली असेल."

"तुम्ही आत जा. इथं तुमचं काही अडलेलं नाही."

"अहो, पण मला बघायचंय ना!"

"जा म्हणतो ना," मिस्त्री एवढ्या जोरात ओरडले, की पंपवाल्यानं चमकून मान वळवली.

मालक फणफणत आत गेला. म्हातारा हाताचा चांगला आहे, पण तोंडाचा भलताच फाटका आहे, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता.