लाल दोरा बांधलेल्या फायली

दिनांक ११ मार्च, मंगळवार, सकाळी पावणेदहा. माझ्या थोरल्या वहिनींच्या टेबलावर चौकशीची नोटीस ठेवण्यात आली. आधी पोचेची सही घेतली, मग चष्मा लावून वाचू दिले. हा क्रम मी जाणूनबुजून नोंदवतो आहे.

वहिनी सव्वीस वर्षे सरकारी रुग्णालयाच्या फायलींच्या खोलीत आहेत. तिथे खिडकी एकच, तीही अर्धी कपाटाआड. एखाद्या रुग्णाला एखादे औषध सोसत नसेल, तर त्याच्या फायलीच्या कोपऱ्यात त्या लाल दोरा ओवून गाठ मारीत. औषधाचे नाव आत कुठेतरी डॉक्टरांच्या अक्षरात, म्हणजे ब्रह्मदेवालाच लागेल असे. पण दोरा दिसला की परिचारिका थांबत, विचारत. ही पद्धत कोणत्याही नियमावलीत नव्हती. वॉर्डात त्यांना 'दोरेवाल्या बाई' म्हणत आणि त्यांना ते आवडे.

गेल्या वर्षी संगणक आले. बदल सुरळीत व्हावा म्हणून बदल-कक्ष स्थापन झाला. त्याच्या बैठकांना सगळ्यांना बोलावले. फायली सांभाळणाऱ्या बाईंना बोलवायचे म्हणे राहून गेले. विसरणाऱ्यांनी त्यांचा पासवर्ड मात्र आठवणीने मागून घेतला, 'सोयीसाठी'.

मग कंत्राटदाराची माणसे कागद स्कॅन करायला बसली. दोरे यंत्रात अडकत, म्हणून ती ते कात्रीने कापीत. वहिनींनी हरकत घेतली, तेव्हा कक्षप्रमुख हसले.

"मावशी, आता संगणक लक्षात ठेवेल. तुम्ही आराम करा."

वहिनींनी कापलेले दोरे खोक्यात जमवले. मी त्यांना हसलो. सुट्या दोऱ्यावर कोणाचे नाव असते?

फेब्रुवारीत एका गवंड्याला इंजेक्शन दिले. न सोसणाऱ्या औषधांचा रकाना पडद्यावर रिकामा होता. त्याचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. आयुष्याची दोरी बळकट म्हणून वाचला. आता त्याची माहिती तपासून पूर्ण केल्याची नोंद वहिनींच्या नावे निघाली आहे, दुपारी सव्वातीनची. नोंदीच्या त्या दिवशी माझ्या भावाच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. सव्वातीनला वहिनी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा रजेचा अर्ज सापडत नाही. फायली हरवू न देण्यासाठी आलेल्या व्यवस्थेत नेमका तोच कागद हरवावा, हा योगायोग मी मानत नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा जबाबही वहिनींच्या नावे तयार आहे: 'सगळी चूक माझी.' सही केली तर बदली, नाही केली तर घरी, असे कक्षप्रमुखांनी तोंडी सुचवले. लेखी दिले नाही. तेवढे ते शहाणे आहेत.

परवा जेवताना मी विचारले, इतक्या वर्षांत साधी यादी का केली नाहीत.

"यादी कपाटात जाते, भावोजी. दोरा हाताला लागतो." मग ताटाकडे पाहत त्या म्हणाल्या, "पण लिहायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. तेवढंच लिहून देईन."

त्यांनी आठवून चाळीस नावे काढली आहेत. खोक्यात दोरे त्याहून कितीतरी जास्त आहेत. ती माणसे रिकाम्या रकान्यावर उपचार घेत आहेत.

सुनावणी २ एप्रिलला आहे. वाचकहो, तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या फायलीला तिथे लाल दोरा होता, तर त्यापूर्वी नाव आणि न सोसणारे औषध लिहून रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर द्या. ते डोळ्यांसमोर संगणकात भरून घ्या. दोरा होता, हेही अर्जात लिहा. पोच तारखेसह, शिक्क्यासह घ्या. तोंडी आश्वासन घेऊ नका.